स्पर्धा परीक्षांची सात वर्षे बायोडेटात कशी मांडावी आणि पहिली नोकरी कोठे शोधावी?

अंबाजोगाईकर :

नमस्कार. माझे वय २९ असून मी २०१७ साली अंबाजोगाई येथून बी.कॉम. झालो. जून २०१८ पासून पुण्यात आहे. आधी सदाशिव पेठेत राहत होतो. आता तेथील भाडे परवडत नाही म्हणून धनकवडीत तिघे मिळून एक खोली घेतली आहे. या काळात राज्यसेवेची पूर्व परीक्षा दोनदा आणि गट ब संयुक्त पूर्व परीक्षा तीनदा उत्तीर्ण झालो, परंतु मुख्य परीक्षेच्या पुढे मजल गेली नाही. एकदा राज्य कर निरीक्षक पदाची यादी सहा गुणांनी हुकली, आणि त्या सहा गुणांच्या आशेवर पुढची तीन वर्षे गेली.

घरी सात एकर कोरडवाहू जमीन आहे आणि सगळा भार सोयाबीनवर आहे. वडिलांनी कधी बोलून दाखवले नाही, पण गेल्या दिवाळीनंतर खोलीभाड्याचे पैसे पाठवण्यासाठी त्यांनी प्रथमच दोन दिवस मागून घेतले, त्यावरून मी काय ते समजलो. खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा ३८ आहे, अजून नऊ वर्षे हातात आहेत, असे मित्र म्हणतात. मला मात्र आता थांबायचे आहे, त्यामुळे त्या निर्णयावर चर्चा नको.

गेल्या दोन महिन्यांत नोकरीच्या संकेतस्थळांवर शंभराच्या आसपास अर्ज केले. दोनच दूरध्वनी आले. एक विमा विक्रीचा होता. दुसऱ्या ठिकाणी मुलाखतीत "सात वर्षे तुम्ही नेमके काय करत होता?" असे विचारले गेले आणि मला धड उत्तर देता आले नाही. एमएस-सीआयटी झाले आहे, मराठी ३० ची टंकलेखन परीक्षा उत्तीर्ण आहे, टॅली महाविद्यालयात असताना शिकलो होतो पण आता विसरलो आहे. इंग्रजी वाचून नीट समजते, बोलताना अडखळतो. हा मधला काळ बायोडेटात कसा लिहावा आणि माझ्यासारख्याने कोणत्या प्रकारच्या कामाकडे वळावे, हे जाणकारांनी सांगावे. शिवाय एका प्लेसमेंट एजन्सीने नोंदणीचे २,००० रुपये आणि नोकरी लागल्यावर पहिल्या पगाराचा अर्धा भाग मागितला आहे. तो द्यावा का?


मनुष्यबळ_चाकण :

चाकण येथे वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात मी चौदा वर्षे मनुष्यबळ विभागात आहे. तुमच्यासारख्यांचे अर्ज दर आठवड्याला माझ्याकडे येतात, म्हणून अर्ज वाचणाऱ्याच्या मनात काय चालते ते लिहितो.

सात वर्षांची जागा कोरी ठेवू नका आणि ती खोट्या अनुभवानेही भरू नका. काही हजार रुपयांत अनुभवाचा दाखला करून देणारे लोक असतात, हे आम्हालाही ठाऊक आहे. भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन क्रमांकावर कोणत्या आस्थापनेत कधीपासून कधीपर्यंत नोकरी होती हे दिसते. त्यामुळे तीन वर्षांचा अनुभव लिहिलेल्या उमेदवाराकडे यूएएन नसेल, तर आम्ही त्याच्याकडे तीन महिन्यांच्या पगाराच्या नोंदी असलेला बँकेचा उतारा मागतो आणि विषय बहुधा तेथेच संपतो. रुजू झाल्यानंतर खोटेपणा उघड झाला, तर नोकरी जाते आणि पुढच्या ठिकाणी सांगण्यासारखेही काही उरत नाही. त्यापेक्षा एक सरळ ओळ लिहा : "जून २०१८ ते एप्रिल २०२५ : महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची पूर्णवेळ तयारी, राज्यसेवा मुख्य परीक्षेस दोन वेळा आणि गट ब मुख्य परीक्षेस तीन वेळा पात्र." पुण्यातील कंपनीत ही ओळ वाचणाऱ्याच्या घरातही एखादा भाचा किंवा पुतण्या अभ्यासिकेत बसलेला असतो, त्यामुळे त्याला अधिक स्पष्टीकरण लागत नाही. कंपनी महाराष्ट्राबाहेरची असेल तर मात्र या परीक्षेचे टप्पे कोणते आणि पूर्व उत्तीर्ण होणे म्हणजे किती जणांतून वर येणे, हे इंग्रजीत दोन वाक्यांत सांगण्याची तयारी ठेवा.

मुलाखतीतील त्या प्रश्नामागे वेगळीच भीती असते. नवी जाहिरात निघाली की हा उमेदवार राजीनामा देऊन पुन्हा अभ्यासिकेत जाईल, असे आम्हाला वाटते, कारण तसे अनेकदा घडले आहे. दुसरी भीती अशी की याचा वरिष्ठ पंचवीस वर्षांचा असेल आणि त्याच्याकडून काम शिकून घेणे याला जड जाईल. या दोन्ही गोष्टी समोरचा विचारत नाही, म्हणून तुम्हीच सांगून टाका : "मी तयारी थांबवली आहे, या वर्षी अर्ज भरलेला नाही, आणि वयाने लहान असलेल्या माणसाच्या हाताखाली शिकण्यास माझी हरकत नाही." हे खरे असेल तरच सांगा. सहा गुणांची कहाणी मात्र मुलाखतीत सांगू नका. ती ऐकली की समोरच्याला तुमचे मन अजून तेथेच आहे असे वाटते.

बायोडेटा एका पानाचा असावा. वडिलांचा व्यवसाय, धर्म, उंची, वैवाहिक स्थिती आणि शेवटचे "वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे" हे प्रतिज्ञापत्र, यांतील काहीही लागत नाही. फाइलला स्वतःचे नाव द्या. "बायोडेटा फायनल नवा ३" अशा नावाच्या फाइली माझ्या संगणकात शेकड्यांनी पडल्या आहेत. संकेतस्थळांविषयी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. आम्ही तेथे उमेदवार शोधतो तेव्हा गेल्या पंधरा किंवा तीस दिवसांत ज्यांनी आपल्या खात्यात प्रवेश केला आहे त्यांचीच नावे निवडून घेतो. म्हणून दर तीन-चार दिवसांनी खात्यात जाऊन एखादा शब्द बदला आणि पुन्हा साठवा. अपेक्षित पगार आणि "लगेच रुजू होऊ शकतो" हे रकाने भरलेले असू द्या. अनोळखी क्रमांकावरून आलेला दूरध्वनी उचला. उचलता आला नाही तर अर्ध्या तासात परत करा, कारण एका जागेसाठी आम्ही यादीतील वीस-पंचवीस जणांना ओळीने दूरध्वनी करतो आणि पाच जण येतो म्हणाले की थांबतो.

शेवटचा मुद्दा पगाराचा. पहिल्या नोकरीकडून पगारापेक्षा कागद मागा. नियुक्तीपत्र, दरमहा पगारपत्रक, बँकेत जमा होणारा पगार आणि पीएफ या चार गोष्टी असतील, तर वर्षभरानंतर तुम्ही अनुभवी उमेदवार म्हणून बाजारात उभे राहता. त्या नसतील, तर वर्षभर राबूनही तुमचा बायोडेटा आज आहे तेथेच राहतो. कंत्राटदारामार्फत काम मिळत असेल तर नियुक्तीपत्र कोणाच्या नावाचे येणार हे आधी विचारा. कारखान्याच्या फाटकावर ज्या कंपनीची पाटी आहे, तिच्या पटावर तुम्ही असालच असे नाही.

आकडाही समजून घ्या. कंपनीने तुमच्यावरचा एकूण खर्च (सीटीसी) महिन्याला २२,००० रुपये सांगितला आणि त्यात मूळ वेतन ११,००० असेल, तर कंपनीचा पीएफचा वाटा १,३२०, ग्रॅच्युइटीची तरतूद ५३० च्या आसपास आणि कर्मचारी राज्य विमा योजनेचा ३.२५ टक्के वाटा आधीच त्यातून बाजूला जातो. उरलेल्या साडेएकोणीस हजारांतून तुमचा पीएफ १,३२०, विमा योजनेचे ०.७५ टक्के आणि व्यवसाय कराचे २०० रुपये कापले जातात. हातात १७,८०० च्या आसपास येतात. धनकवडीहून चाकणला येण्याजाण्याचा खर्च आणि वेळ या आकड्यासमोर मांडून पाहा.


आडवाट :

चर्चा नको असे लिहिले आहे, तरीही एक ओळ लिहितो. बँकेच्या अधिकारी पदाच्या परीक्षेसाठी खुल्या प्रवर्गाची मर्यादा ३० वर्षे आहे आणि तुम्ही २९ चे आहात. गणित, तर्कक्षमता आणि चालू घडामोडी तुमच्या झालेल्या आहेत. एक प्रयत्न वाया का घालवता?


मनुष्यबळ_चाकण :

आडवाट, प्रयत्न करण्यास कोणी अडवलेले नाही, परंतु तो नोकरी करता करता व्हावा. "आधी ही परीक्षा, मग नोकरी" हे वाक्य प्रश्नकर्त्याने सात वर्षे स्वतःला ऐकवले आहे.


जमाखर्च :

मी कर सल्लागार आहे आणि माझ्या कार्यालयात नऊ माणसे काम करतात. वरील प्रतिसादातील बायोडेटाविषयीचे सगळे मान्य आहे, परंतु बी.कॉम. झालेल्या माणसाला मी चाकणपेक्षा आधी शहरातील लेखाकामाकडे पाठवीन. पुण्यात सनदी लेखापाल आणि कर सल्लागारांची लहान कार्यालये गल्लोगल्ली आहेत, त्यांना माणसे नेहमी लागतात आणि त्या जागांची जाहिरात क्वचितच होते. तुमच्या शंभर अर्जांपैकी एकही बहुधा अशा कार्यालयात गेलेला नसेल.

या कामात महिना चार तारखांभोवती फिरतो. ७ तारखेपर्यंत टीडीएसचा (रक्कम देतानाच कापून घेतलेल्या प्राप्तिकराचा) भरणा, ११ ला जीएसटीचे विक्रीचे विवरणपत्र, १५ ला पीएफ आणि राज्य विमा योजनेचा भरणा, २० ला जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटी भरण्याचे गोषवारा विवरणपत्र. मधल्या काळात, १४ तारखेला, जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी, तयार होते आणि ती ग्राहकाच्या खरेदीच्या बिलांशी जुळवून पाहावी लागते. कोणत्या पुरवठादाराने बिल दाखवले नाही, कोणाचा जीएसटी क्रमांक चुकला, कोणते बिल दोनदा चढले, हे शोधणे हे कंटाळवाणे पण जबाबदारीचे काम असते आणि नवीन माणसाला पहिले सहा महिने तेच करावे लागते. ज्याने सात वर्षे रोज दहा तास बसून वाचन केले आहे त्याला बसण्याची सवय आहे, आणि आमच्या दृष्टीने ती फार मोठी गोष्ट आहे. विशीतील मुले दुसऱ्याच आठवड्यात उठून जातात.

टॅली विसरलात म्हणून पुन्हा आठ-दहा हजारांचा वर्ग लावू नका. टॅली प्राइम संगणकावर शैक्षणिक पद्धतीने विनामूल्य चालते. त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी करता येतात एवढीच अडचण आहे, आणि शिकण्यासाठी तेवढे पुरते. स्वतःचा संगणक नसेल तर अभ्यासिकेतील एखाद्या मित्राचा वापरा. ओळखीच्या किराणा दुकानदाराकडून एका महिन्याची खरेदी-विक्रीची बिले मागून घ्या आणि ती सगळी नोंदवा. त्यानंतर त्याच्या खात्याच्या उताऱ्यावरून बँक ताळमेळ करा. पहिल्या वेळी तो जुळणार नाही. तो का जुळला नाही हे शोधता शोधता जे शिकाल ते वर्गात शिकवत नाहीत. एक्सेलमध्ये व्हीलुकअप (दोन याद्या ताडून पाहण्याचे सूत्र) आणि पिव्होट टेबल (नोंदींचा गोषवारा काढणारा तक्ता) या दोन गोष्टी हाताखालून गेलेल्या असू द्या. मुलाखतीला येताना तो तयार केलेला महिना सोबत आणा. माझ्याकडे आजवर असे काम घेऊन दोघेच आले, आणि ते दोघेही आज माझ्याकडे आहेत.

भेटीला केव्हा जावे हेही सांगतो, कारण चुकीच्या दिवशी आलेल्या चांगल्या उमेदवाराला मी स्वतः दारातून परत पाठवले आहे. महिन्याच्या २१ ते २८ या तारखांत, दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान जा. १० किंवा १९ तारखेला कोणीही तुमच्याकडे मान वर करून पाहणार नाही. वर्षाचा विचार केला तर प्राप्तिकर विवरणपत्रे आणि लेखापरीक्षणाचा हंगाम साधारण जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत असतो, म्हणून मे-जून हा माणसे घेण्याचा काळ असतो. सध्या मे चालू आहे. टिळक रस्ता, बाजीराव रस्ता आणि शनिवार पेठ या भागांतील कार्यालयांच्या पाट्या पाहत चार दिवस पायी फिरा. दारात जाऊन "नोकरी आहे का" असे विचारू नका. "मी बी.कॉम. आहे, टॅलीवर एका दुकानाचा पूर्ण महिना नोंदवून आणला आहे, आपण पाहाल का," असे म्हणा.

पुढचा विचार करायचा असेल तर सहकार खात्याची जीडीसी अँड ए (शासकीय सहकार व लेखा पदविका) ही परीक्षा पाहून ठेवा. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला ती देता येते आणि पतसंस्था, सहकारी बँका, गृहनिर्माण संस्था यांच्या हिशेबाच्या आणि लेखापरीक्षणाच्या कामात तिला किंमत आहे. यंदाची वेळ आता गेली आहे. तुम्हाला अभ्यासाची सवय आहे, ती येथे खर्ची पडू द्या. मात्र नोकरी लागल्यानंतर.


एकदा_पोळलेला :

एजन्सीविषयी लिहितो. ज्या कंपनीला माणूस हवा असतो तीच एजन्सीला शुल्क देते, अशी या व्यवसायातील सर्वसाधारण रीत आहे. उमेदवाराकडून नोंदणीच्या नावाखाली आगाऊ पैसे मागितले की मी तेथून उठतो, आणि हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. २०१९ मध्ये एका एजन्सीने माझ्याकडून आधी १,५०० रुपये नोंदणीचे घेतले, मग एका मोठ्या कंपनीचे बोधचिन्ह असलेले पत्र दाखवले आणि गणवेश व ओळखपत्राच्या अनामत रकमेचे ६,००० मागितले. मुलाखत झालीच नव्हती, पत्र एका साध्या जीमेल पत्त्यावरून आले होते आणि रुजू होण्याची तारीख रविवारची होती. तिन्ही गोष्टी मी पाहिल्या, आणि तरीही पैसे भरले, कारण त्या दिवशी मला नोकरी हवीच होती. चौथ्या दिवशी त्या कार्यालयाला कुलूप होते.

मूळ गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र कोणाकडेही ठेवायला देऊ नका; पडताळणीसाठी समोर बसून दाखवा आणि परत घ्या. छायाप्रत देताना तिच्यावर तिरपे "केवळ अमुक कंपनीतील अमुक पदाच्या अर्जासाठी" असे लिहून तारीख घाला. आधारची प्रत द्यावी लागली तर पहिले आठ अंक झाकलेली, म्हणजे मास्क्ड, प्रत आधारच्याच संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. कोरा धनादेश किंवा सही केलेला कोरा मुद्रांक कागद मागितला गेला तर पगार कितीही असो, नकार द्या. टेलिग्रामवर "चित्रफितीला पसंती द्या आणि रोज हजार रुपये मिळवा" असे सांगणारे पहिले दोनशे रुपये खरोखर देतात. तेथूनच माणूस अडकतो. पैसे गेलेच तर लाज वाटून गप्प बसू नका. त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा, कारण रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्यापूर्वी गोठवता आली तरच काही हाती लागते.


सातबारा :

मीसुद्धा पाच वर्षे तयारी केली आणि तीन वर्षांपूर्वी थांबले. आज सौरऊर्जा प्रकल्प उभारणाऱ्या एका कंपनीच्या जमीन विभागात आहे. हे क्षेत्र आपल्यासारख्यांच्या लक्षात येत नाही, म्हणून लिहिते.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० (शेतीपंपांना दिवसा सौर वीज देण्याची शासकीय योजना) सुरू झाल्यापासून कंपन्यांना खेड्यापाड्यांत, वीज उपकेंद्रांच्या जवळ जमीन लागते. खासगी जमीन भाडेपट्ट्याने घेताना हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये असा दर आहे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ आहे. शेतकऱ्याला हे त्याच्या भाषेत समजावून सांगणारा, सातबारा आणि आठ-अ वाचणारा, फेरफाराची साखळी मागे नेऊन कोणा वारसाचे नाव राहून गेले आहे का ते पाहणारा, भोगवटादार वर्ग १ (मालकाला मुक्तपणे देता येणारी जमीन) आणि वर्ग २ (शासनाच्या परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी) यांतील फरक कळणारा माणूस कंपनीला हवा असतो. व्यवस्थापन पदवीधर यात अडखळतात. तलाठी कार्यालयात वडिलांसोबत लहानपणापासून गेलेल्या मुलाला यातील निम्मे आधीच माहीत असते. गृहकर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांनाही मालमत्तेची कागदपत्रे तपासण्यासाठी असे लोक लागतात. काम फिरतीचे आहे, दुचाकी आणि परवाना लागतो, उन्हाळ्यात जीव जातो. पण बीड, लातूर, धाराशिव या पट्ट्यात काम मिळाले तर पुण्याचे भाडे वाचते. माझ्या मुलाखतीत वरिष्ठांनी एक सातबारा समोर ठेवला आणि "ही जमीन घ्यावी का" एवढेच विचारले. इतर हक्कातील विहिरीचा बोजा मी दाखवला आणि मुलाखत तेथेच संपली.

आणखी एक. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जा आणि महास्वयं संकेतस्थळावर नोंदणी करा. ती विनामूल्य आहे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा त्यात १८ ते ३५ वयोगटातील पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरले होते. सध्या कोणत्या आस्थापना जागा दाखवत आहेत ते केंद्रातच विचारा. आमच्यातील बहुतेकांनी त्यात शासकीय कार्यालय निवडले, कारण मन अजून तेथेच होते, आणि मुदत संपल्यावर ते पुन्हा खोलीवर परतले. निवड करायची वेळ आली तर खासगी आस्थापना घ्या, जेथे काम पाहून पुढे ठेवून घेण्याची निदान शक्यता असते. रोजगार मेळाव्याला जाणार असाल तर सकाळी दहाला पोहोचा, बायोडेटाच्या दहा प्रती न्या, आणि ज्याच्याशी बोललात त्याचे नाव व पद तेथेच वहीत लिहून घ्या. दुपारनंतर सगळे चेहरे सारखेच वाटू लागतात.


अंबाजोगाईकर :

सर्वांचे आभार. एजन्सीला नकार कळवला. बायोडेटा एका पानावर आणला. धनकवडीतील एका औषध दुकानदाराने मार्चची बिले दिली, ती टॅलीत नोंदवली. बँक ताळमेळ १,१८० रुपयांनी जुळत नव्हता, दोन दिवसांनी कळले की परत आलेल्या एका धनादेशाची रक्कम आणि त्यावरचे बँकेचे शुल्क राहून गेले होते. २२ तारखेपासून चार दिवसांत एकतीस कार्यालयांत गेलो. एकोणीस ठिकाणी दारातूनच परत आलो, सात ठिकाणी बायोडेटा ठेवून घेतला, पाच ठिकाणी बसवून बोलले. त्यांपैकी शनिवार पेठेतील एका सनदी लेखापालांनी महिना १४,००० रुपयांवर १ जूनपासून या असे सांगितले आहे. पहिले तीन महिने परिवीक्षेचे आहेत.

अडचण अशी की त्यांच्याकडे सातच माणसे आहेत आणि पीएफ नाही असे त्यांनी आधीच स्पष्ट केले. मनुष्यबळ_चाकण यांनी सांगितलेल्या चार कागदांपैकी एक येथे मिळणारच नाही. सातबारा यांनी सांगितल्याप्रमाणे लातूरच्या एका सौर कंपनीतही बोलणे चालू आहे, तेथे १९,००० आणि दुचाकीचा भत्ता सांगतात, परंतु नियुक्तीपत्र कंत्राटदाराचे येईल आणि प्रकल्पापुरतेच काम असेल. काय करावे?


जमाखर्च :

पीएफ नसणे ही येथे लबाडी नव्हे. पीएफचा कायदा वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला लागू होतो आणि राज्य विमा योजना दहा माणसांपासून लागू होते. माझ्याही कार्यालयात पीएफ नाही. आधीच स्पष्ट सांगणारा माणूस बरा. त्यांना दोन गोष्टी आजच विचारा. नियुक्तीपत्र कार्यालयाच्या नावपत्रावर, पद आणि रुजू होण्याची तारीख घालून, सनदी लेखापालांच्या सहीशिक्क्यासह मिळेल का? आणि पगार रोखीने न देता बँकेत जमा होईल का? दोन्हींना होकार आला, तर दरमहा साधे पगारपत्रक मागायला कोणी नाही म्हणत नाही, आणि पुढच्या ठिकाणी पडताळणी करणाऱ्याला बँकेचा उतारा व पत्र पुरते. रोखीने देतो असे म्हणाले तर १४,००० चे १६,००० केले तरी जाऊ नका.


मनुष्यबळ_चाकण :

सहमत आहे. लातूरच्या कामाबद्दल कंत्राटदाराला एवढेच विचारा की प्रकल्प किती महिन्यांचा आहे आणि पीएफ कोणाच्या कोडवर भरला जाईल. पाच हजारांचा फरक मोठा दिसतो, परंतु आठ महिन्यांनी काम संपले तर पुन्हा हाच शोध सुरू करावा लागेल.


सातबारा :

माझेही काम कंत्राटदाराकडूनच सुरू झाले होते, अकरा महिन्यांनी कंपनीने पटावर घेतले. सोबतच्या चौघांना घेतले नाही, हेही सांगितले पाहिजे. घरी राहून काम करता येत असेल तर १९,००० हे पुण्यातील १४,००० च्या जवळजवळ दुप्पट पडतात. तुमच्या तालुक्यात किती जमीन मिळवायची आहे आणि त्यातील किती झाली, हे त्यांना विचारून मग ठरवा.


अंबाजोगाईकर :

दोन्ही ठिकाणी विचारले. सनदी लेखापाल पत्र देण्यास आणि पगार बँकेत जमा करण्यास तयार आहेत. खाते कोणत्या बँकेत आहे एवढेच त्यांनी विचारले. लातूरच्या कंत्राटदाराने प्रकल्प "सुरू राहील तोपर्यंत" असे उत्तर दिले आणि पीएफचा प्रश्न ऐकल्यावर नंतर दूरध्वनी करतो म्हणाले. तीन दिवस झाले, तो आलेला नाही. १ तारखेला शनिवार पेठेत रुजू होत आहे. जीएसटीआर-२बी जुळवण्याचा सराव त्याआधी कोठे करता येईल, हे जमाखर्च यांनी सांगितल्यास बरे होईल.


जमाखर्च :

त्याच औषध दुकानदाराकडे जा. त्याची एप्रिल महिन्याची २बी १४ मेला आलेली असेल. ती एक्सेलमध्ये उतरवून मागा आणि एप्रिलच्या खरेदी वहीशी बिल क्रमांकावर व्हीलुकअप लावून ताडून पाहा. बिल क्रमांकातील तिरप्या रेघा आणि सुरुवातीची शून्ये यांमुळे निम्मी बिले जुळत नाहीत असे दिसेल, तेव्हा घाबरू नका. आधी दोन्हींकडची ती काढून टाका, मग पुन्हा लावा.